सोमवारची मापं

आज शेवटचा सोमवार.
टेप तीच, टोकाला बांधलेला लोखंडी नट तोच,
पांझरेकाठच्या एकतीस विहिरी.
पहिली शाळेमागची, दुसरी पाराजवळची,
तिसरीला कुणी नाव ठेवलं नव्हतं
म्हणून मी रजिस्टरात ‘बाभळीखालची’ लिहिलं
आणि आता सगळं गाव तिला तसंच म्हणतं.
वर्षभरात या गावाला मी दिलेलं
बहुधा एवढंच.

मी चिपळूणची. आमच्याकडे पाणी
वरून येतं, बाजूनं येतं, न विचारता घरात शिरतं.
त्याच्यासाठी वाकावं लागतं
हे इथे येऊन कळलं.
पहिल्या महिन्यात कठड्यावरून खाली बघताना
पोटात गोळा यायचा.
आता टेप सोडते, नट टेकतो,
टप्,
कानाआधी बोटांना कळतं.

हिरकनबाईंनी चार महिने विहिरीजवळ फिरकू दिलं नाही.
“पानीले मोजो नही माय. मोजं का ते रुसस.”
पाचव्या महिन्यात त्याच बांधावरून ओरडल्या,
“लिखी ले, सव्वीस हात!”
मी तरी टेप सोडलीच. अकरा मीटर नव्वद.
तिथेच लिंबाखाली बसून गुणाकार केला,
दोनदा केला.
सव्वीस हात.
त्या दिवशी खोलीवर येऊन
मी कुणाशी फार बोलले नाही.

मग दर सोमवारी आधी त्यांचा आकडा,
नंतर माझी टेप,
नंतर दोघींची कळण्याची भाकर आणि ठेचा,
परीक्षा संपल्यासारखी.
परीक्षा कुणाची, ते विचारायचं नाही.
एकदाच चुकल्या. मे महिना होता, अर्ध्या हातानं.
मी वाचून दाखवलं नाही,
त्यांनी विचारलं नाही,
दोर मात्र बराच वेळ गुंडाळत बसल्या.

काल शाळेत निरोप झाला.
नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
सरपंचांनी माझं आडनाव तीन प्रकारे घेतलं
आणि म्हणाले, ताईंनी गावाला पाणी दिलं.
टाळ्या.
दिलं नाही हो दादा.
ते किती लांब आहे एवढंच सांगत राहिले,
उन्हाळाभर दर सोमवारी थोडं आणखी लांब.
भाद्रपदात जवळ आलं
तेव्हाही मी फक्त कठड्यावर उभी होते.

भारती मालचे, नववी ब, आज माझ्यासोबत.
टेप तिच्या हातात.
ती वाकत नाही, सरळ पालथी पडते,
वेणी विहिरीत लोंबते.
असं करू नकोस, म्हटलं. हसली.

रजिस्टरात ‘मोजणाऱ्याचे नाव’ हा रकाना.
सगळ्यात वर मी,
आणि त्याखाली पानंच्या पानं
—॥—
—॥—
भारतीनं पेन झटकलं,
नाव लिहिलं, आडनावासकट,
पुन्हा खाली, पुन्हा आडनावासकट.
खुणा करायला तिला जमेना, किंवा आवडेना.
मग पट्टीशिवाय एक वाकडी रेघ ओढून
नवा रकाना केला
आणि वर लिहिलं: हात.

एकतिसावी हिरकनबाईंची.
“जाई राहिनी?”
हो.
“मंग आते कोन मोजी?”
भारतीनं टेप वर धरली.
बाईंनी तिला नखशिखांत पाहिलं,
बियाण्याचं वांगं निवडताना पाहतात तसं,
आणि आज आकडा सांगितलाच नाही.
“तू सांग.”

भारती पालथी पडली. खाली बघत राहिली.
मी बॅग उचलली. फाट्यावर धुळ्याच्या एसटीचा हॉर्न.
“बावीस?” विहिरीतून तिचा आवाज दुप्पट होऊन आला.
टेप सुटली, खाली खाली चालली.

टप् झालं असेल.
मी तोवर बांध उतरले होते.